ग्लुटेनमुक्त ज्वारी-बाजरी : खळ्यापासून लेबलापर्यंत घ्यावयाची काळजी

बारामती व इंदापूर तालुक्यांची ओळख आज ऊस, द्राक्षे आणि डाळिंब यांमुळे असली तरी जिरायत पट्ट्यात रब्बी ज्वारी व खरीप बाजरी ही पिके अजूनही घरच्या भाकरीसाठी व जनावरांच्या वैरणीसाठी घेतली जातात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यानंतर या धान्यांचे पीठ, रवा, पोहे, पापड आणि बिस्किटे पाकिटात भरून विकण्याकडे महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्यांचा ओढा वाढला आहे. यांपैकी बऱ्याच पाकिटांवर ‘ग्लुटेन फ्री’ असे छापलेले आढळते. असे का छापले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच मिळते : ज्वारीत ग्लुटेन नसतेच, मग लिहायला काय हरकत आहे?

हरकत आहे. ज्वारीच्या दाण्यात ग्लुटेन नसते हे खरे. परंतु ज्वारीच्या पोत्यात ते असू शकते, आणि पिठात तर हमखास येऊ शकते. हे शब्द वाचून पाकीट विकत घेणाऱ्यांत असे काही रुग्ण असतात की ज्यांच्यासाठी तो पथ्याचा नव्हे, तर औषधाचाच भाग असतो.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाची कणीक मळून तो गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली धूत राहिल्यास पांढरे पाणी, म्हणजे स्टार्च, निघून जाते व हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. हेच ग्लुटेन होय. लहान मुले शेतात ओंबीतले गहू चघळून त्याचा ‘च्युइंगगम’ करतात, तेही तेच. ग्लायडिन व ग्लुटेनिन या दोन प्रकारच्या प्रथिनांपासून ते बनते. गव्हाखेरीज जव (सातू) व राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, तांदूळ व मका यांत ती नसतात. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, याचे मूळ कारण हेच आहे. ज्वारीच्या पिठाला ताण सहन होत नाही, म्हणून गृहिणी उकळते पाणी घालून पीठ मळते.

बहुसंख्य माणसांना ग्लुटेनपासून कोणताही अपाय नाही. गहू हे उत्तम अन्नधान्य आहे व ज्यांना तो पचतो त्यांनी तो सोडण्याचे कारण नाही. शहरातील काही जाहिराती गव्हालाच दोषी ठरवीत आहेत, त्यांकडे दुर्लक्ष करावे. परंतु ज्यांच्या प्रकृतीत आनुवंशिक प्रवृत्ती असते अशा काही व्यक्तींमध्ये ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरावरील बोटांसारखे बारीक उंचवटे, ज्यांतून अन्नरस शोषला जातो, ते झिजून सपाट होतात. यास सीलिॲक रोग म्हणतात. लहान मुलांत वारंवार जुलाब, फुगलेले पोट व उंची-वजनाची वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात. मोठ्या माणसांत पोटाची तक्रार नसतेही. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय किंवा ठिसूळ हाडे एवढेच दिसते. त्यामुळे रोग वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. निदान रक्ततपासणीने व दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीने होते. ही तपासणी होण्यापूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये, कारण तसे केल्यास तपासणीत रोग सापडत नाही.

गव्हाशी या रोगाचा संबंध डिके या डच बालरोगतज्ज्ञाने सिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा त्याच्याकडील आजारी मुले सुधारली व पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. त्यावरील त्याचा प्रबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात निरनिराळ्या भागांत केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के तर दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांत हा रोग आढळला. जेथे गहू अधिक खाल्ला जातो तेथे रोगही अधिक दिसतो, असे त्यावरून दिसते. आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी भाकरी हेच मुख्य अन्न होते, आता शाळेच्या डब्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत पोळी आली आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

या रोगावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच उपचार. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज केवळ ५० मि.ग्रॅ. ग्लुटेन तीन महिने दिले असता रुग्णांच्या आतड्याला इजा झाल्याचे दिसले. एका फुलक्याच्या ३० ग्रॅम कणकेत सुमारे ३,००० मि.ग्रॅ. ग्लुटेन असते. यावरून ५० मि.ग्रॅ. म्हणजे किती, याची कल्पना यावी.

एक किलो ज्वारीत पाच गहू

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ज्या खाद्यपदार्थात ग्लुटेनचे प्रमाण किलोस २० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त नाही, त्यालाच ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. यास २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत वीस भाग, असेही म्हणतात. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात २००८ पासून व अमेरिकेत २०१३ च्या नियमापासून हीच मर्यादा आहे. गव्हातील ग्लुटेन प्रक्रियेने कमी करून २० ते १०० मि.ग्रॅ. पर्यंत आणलेला पदार्थ ‘अल्प ग्लुटेन’ या वेगळ्या नावाने विकावा लागतो, आणि तो सीलिॲक रुग्णास धोक्याचा ठरू शकतो अशी सूचनाही छापावी लागते.

आता हा आकडा शेतकऱ्याच्या मापात मांडून पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम भरते, म्हणजे एक दाणा ४० मि.ग्रॅ. गव्हात ग्लुटेन सुमारे १० टक्के धरले तर एका दाण्यात ४ मि.ग्रॅ. ग्लुटेन झाले. पाच दाण्यांत २० मि.ग्रॅ. म्हणजे एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा संपली. मालदांडीसारख्या टपोऱ्या ज्वारीचे किलोत २८ ते ३० हजार दाणे भरतात. त्यांत पाच! क्विंटलचा हिशेब केल्यास केवळ २० ग्रॅम गहू, मूठभरसुद्धा नाही.

बाजार समितीच्या भुसार विभागात एवढ्या भेसळीकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, आणि भाकरीसाठी तशी गरजही नाही. ज्वारीच्या नेहमीच्या प्रतवारीत ‘इतर धान्य’ टक्क्यांत मोजले जाते. येथे मोजमाप टक्क्याच्या पाचशेव्या भागाचे आहे. म्हणूनच ‘आमची ज्वारी स्वच्छ आहे’ आणि ‘आमची ज्वारी ग्लुटेनमुक्त आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. अमेरिकेत निसर्गतः ग्लुटेन नसलेली, परंतु तसे लेबल नसलेली धान्ये व पिठे यांचे २२ नमुने तपासले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार ७ नमुन्यांत २० पीपीएम किंवा त्याहून अधिक ग्लुटेन निघाले. जेथे हजारो एकरांवर एकच पीक असते व यंत्रे अवाढव्य असतात, तेथे ही स्थिती. आपल्याकडे तर एकाच गटात विहिरीच्या पाण्यापुरता गहू आणि उरलेल्या रानात ज्वारी असा प्रकार सर्रास आढळतो.

आपल्या भागात गहू कोठून मिसळतो?

नीरा डाव्या कालव्यावरील सणसर, लासुर्णे ही गावे किंवा उजनीच्या फुगवट्यालगतची भिगवण, पळसदेव ही गावे बागायती. तर सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा भाग मुख्यतः जिरायती. परंतु मळणी यंत्र कालव्याची हद्द पाळत नाही. भाड्याचे यंत्र आज गव्हावर तर उद्या ज्वारीवर चालते. जिरायत ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होत असल्याने ती साधारणतः गव्हाच्या आधी काढणीस येते. ही जमेची बाजू आहे. मात्र उशिरा पेरलेली बागायती ज्वारी व वेळेवर पेरलेला गहू यांची मळणी मार्चमध्ये एकाच पंधरवड्यात गाठ पडते, आणि सर्वांत जास्त मिसळ तेथेच होते. शिवाय गेल्या हंगामातील गहू यंत्राच्या चाळण्यांत, पंख्याच्या घरात व धान्य वर नेणाऱ्या नळीत अडकून बसलेला असतो, तो निराळाच.

यासाठी मळणीपूर्वी यंत्र दहा मिनिटे रिकामे पळवावे, चाळण्या सोडवून झटकाव्यात व हवेच्या झोताने आतील कोपरे साफ करावेत. त्यानंतर मळलेले ज्वारीचे पहिले पोते बाजूला काढून नेहमीच्या वापरासाठी ठेवावे. त्या पोत्याबरोबर यंत्रातील राहिलेला गहू बहुतांशी निघून येतो. एक पोते ‘वाया’ गेल्याची तक्रार शेतकरी करतात. ते वाया जात नाही, फक्त त्यावर वेगळे लेबल लागते. शक्य असल्यास गटातील सर्व सभासदांची ज्वारी एकापाठोपाठ मळून घ्यावी व गव्हाची पाळी शेवटी ठेवावी.

खळे जमिनीवर असल्यास ताडपत्री स्वतंत्र असावी. बारदान हा तर हमखास दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. गव्हाचे रिकामे पोते उलटे करून झटकले तरी शिवणीत व कोपऱ्यांत दाणे राहतात. एका पोत्यात पाच-दहा दाणे ही गोष्ट अगदीच क्षुल्लक वाटेल, परंतु तेच पोते पूर्वी गव्हाच्या पिठाचे असेल तर त्याला चिकटलेली भुकटी कोणत्याही चाळणीने निघत नाही. या कामासाठी नवीन पोतीच वापरावीत. टेम्पो किंवा ट्रॉलीही झाडून, पुसून घ्यावी.

ज्वारी व गहू यांच्या दाण्यांच्या आकारात फार फरक नसल्याने साध्या चाळणीने ते पूर्ण वेगळे होत नाहीत. दाणा गोल असल्याने ज्वारी उतरणीवर घरंगळते, गहू मागे राहतो. चक्राकार घसरणीचे प्रतवारी यंत्र याच तत्त्वावर चालते. रंगावरून दाणे निवडणारे यंत्र अधिक चांगले काम करते, पण ते एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नाही. बाजरीचे काम त्यामानाने सोपे आहे. तिचा दाणा बारीक, हजार दाण्यांचे वजन १० ते १२ ग्रॅम, त्यामुळे गहू चाळणीवरच अडकतो. शिवाय खरीप बाजरी सप्टेंबरमध्ये निघते, तेव्हा रानात गहू नसतो. नव्या गटांनी सुरुवात बाजरीपासून करावी असे आमचे मत आहे.

गिरणी

शेतात व खळ्यावर घेतलेली सारी काळजी पिठाच्या गिरणीत पाच मिनिटांत मातीमोल होऊ शकते. समजा, गव्हाचे दळण संपल्यावर दगडांच्या टाक्यांत, कोठीत व पीठ पडण्याच्या कापडी पिशवीत मिळून १०० ग्रॅम कणीक राहिली. त्यावर १० किलो ज्वारी दळली तर त्या पिठात किलोमागे सुमारे १,००० मि.ग्रॅ. ग्लुटेन येईल, म्हणजे मर्यादेच्या ५० पट. १० किलो पीठ बिघडायला २ ग्रॅम, म्हणजे चिमूट-दोन चिमूट कणीक पुरते. गिरणीच्या हवेत तरंगणारी भुकटी उघड्या डब्यात पडते ती वेगळी.

‘आधीचं दळण कशाचं होतं?’ हा प्रश्न आपल्याकडे आजही गिरणीत विचारला जातो. उपवासाच्या भाजणीचे दळण असेल तर गिरणीवाला दगड साफ करून देतो, किंवा त्यासाठी ठरावीक दिवस ठेवतो. एकादशीसाठी जी दक्षता सारे गाव बिनतक्रार पाळते, तीच आजारी मुलासाठी पाळायला सांगितली तर ती कोणाला जड वाटू नये. ज्या घरात सीलिॲक रुग्ण आहे त्या घराने शक्यतो लहान घरघंटी घ्यावी व तिच्यात गहू कधीच दळू नये. पीठ विकणाऱ्या गटाने तर स्वतंत्र गिरणी, स्वतंत्र खोली व कामगारांचे स्वतंत्र कपडे याशिवाय ग्लुटेनमुक्त पिठाचा विचारच करू नये. नुसती साफसफाई येथे पुरत नाही, कारण टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांतून पीठ पूर्ण निघत नाही.

खपलीबाबत खुलासा

अलीकडे खपली गव्हाला चांगला भाव मिळत असल्याने डीडीके १०२९, एमएसीएस २९७१ यांसारख्या वाणांखाली क्षेत्र घेतले जाते. खपलीची पोळी, रवा व शेवया यांना स्वतःची चव आहे आणि हे पीक अवश्य घ्यावे. परंतु काही विक्रेते खपलीच्या पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ किंवा ‘ग्लुटेनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी योग्य’ असे छापतात. हे साफ चुकीचे आहे व धोकादायक आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सीलिॲक रुग्णास तो वर्ज्य आहे. जे बन्सी गव्हाचे, तेच खपलीचे. त्याचप्रमाणे कुरडई ही गव्हाच्या चिकापासून होत असल्याने, चोथा काढून टाकलेला असला तरी, रुग्णास चालत नाही.

कायदा कोठून सुरू होतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम १८ नुसार शेतकरी, त्याची पिके व शेतावरील उत्पादन यांना हा कायदा लागू नाही. ज्वारीचे पोते बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याला कोणी ग्लुटेन विचारणार नाही. परंतु त्याच ज्वारीचे पीठ करून, पाकिटात भरून विकले की शेतकरी अन्न व्यावसायिक ठरतो. मग नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि पाकिटावर छापलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्याच्यावर येते. चुकीच्या लेबलाबद्दल याच कायद्यात ३ लाख रुपयांपर्यंत व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. थोडक्यात, कायदा शेताच्या बांधापर्यंत येत नाही, गव्हाचा दाणा मात्र बांधावरूनच पाकिटात जातो.

लेबल व प्रदर्शन नियमावली २०२० नुसार ज्या पदार्थात गहू, जव, राय, ओट किंवा त्यांचे घटक आहेत, त्यावर ते ‘समाविष्ट आहे’ असे स्वतंत्रपणे जाहीर करावे लागते. त्यामुळे रुग्णाने पाकिटाच्या दर्शनी बाजूवरील कणसाच्या चित्राकडे न पाहता मागील घटकांची यादी वाचावी. ‘मल्टीग्रेन’ आट्यात बहुधा गहूच अधिक असतो. नाचणीच्या व ज्वारीच्या बिस्किटांत मैदा असू शकतो. सातूचे पीठ, रवा, माल्ट या शब्दांवर थांबावे. आणि हिंग विसरू नये. बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे शुद्ध ज्वारीचे पापड एका चमचा हिंगाने रुग्णासाठी निषिद्ध होतात. पापड करणाऱ्या बचत गटांनी तांदळाच्या पिठात किंवा डिंकात बांधलेला हिंग घटक वाचून घ्यावा.

घरची तपासणी व प्रयोगशाळा

गहू व ज्वारी डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात, ही आपली मोठी सोय आहे. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून थोडी थोडी ज्वारी काढावी, सर्व एकत्र मिसळावी व त्यातील एक किलो काळ्या कापडावर पातळ पसरून गव्हाचे दाणे व तुकडे मोजावेत. असे चार वेळा करावे. मूठभर किंवा पाव किलो नमुन्यावर विसंबू नये. किलोस पाच गहू असलेल्या ढिगातून २०० ग्रॅमचे पाच नमुने काढले, तर त्यांपैकी दोनेक नमुन्यांत एकही गहू सापडणार नाही, आणि माल चांगला असल्याचा खोटा दिलासा मिळेल. किलोत दोन-तीन दाणे निघाले तरी माल पुन्हा निवडावा, कारण मर्यादेतील उरलेली जागा भुकटीसाठी राखून ठेवावी लागते.

पिठाची तपासणी मात्र प्रयोगशाळेतच होते. ‘आर-५ एलायझा’ ही त्यासाठीची सर्वमान्य पद्धत आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे दळलेल्या व पाकिटबंद मालाचा नमुना बॅच क्रमांकासह पाठवावा. वर्षातून एकदा तपासणी करून तो दाखला वर्षभर दाखवीत राहणे बरोबर नाही. गिरणी, कामगार किंवा ज्वारीचा पुरवठादार बदलला की नव्याने तपासणी करावी. कोणत्या सभासदाची ज्वारी, कोणत्या तारखेस कोणत्या यंत्रावर मळली व कधी दळली, याची साधी वही ठेवल्यास दोष निघालेली बॅच शोधून परत बोलावता येते.

ज्या गटांकडे स्वतंत्र गिरणी नाही त्यांनी ज्वारी-बाजरीचे पीठ विकू नये, असे नाही. बहुतेक ग्राहक भाकरीसाठी ते घेतात व त्यांना ग्लुटेनशी देणेघेणे नसते. अशा गटांनी ‘ग्लुटेन फ्री’ हे शब्द गाळून घटकांच्या यादीखाली ठळक अक्षरांत एवढेच छापावे : ‘घटक – ज्वारी. या गिरणीत गहूही दळला जातो. पिठात गव्हाचा अंश असू शकतो.’